बोर्ड बंद करण्याची वेळ

कॉम्प्युटरने सकाळी सकाळी माणसाला तारीख विचारू नये, एवढंच अप्पांचं म्हणणं होतं. घरातल्या ज्या वस्तूला आजची तारीख ठाऊक असायला हवी, तिनेच काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत 'तारीख व वेळ लावलेली नाही, मांडणी चुकीची आहे, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा' असं लिहून हात वर करावेत, हे त्यांना शिस्तीला धरून वाटेना. त्यांनी एफ-वन दाबलं. त्यावर कॉम्प्युटरने आपली डिस्क सापडत नसल्याचं कळवलं. डिस्क त्याच्याच पोटात होती.

अप्पा विजेच्या खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले होते. कुठे आग लागली की दुसऱ्या दिवशी तिथे जायचं, जळकी वायर चिमटीत धरून बघायची आणि कारणासकट अहवाल लिहायचा, यात त्यांची हयात गेली. एवढ्या आगी पाहिल्यावर माणूस एक तर बेफिकीर होतो, नाहीतर त्याचा अप्पा होतो. रोज जेवणं उरकली की ते बैठकीच्या दारामागच्या बोर्डापाशी जात आणि फ्रिज व निजायच्या खोलीतला पंखा सोडून घरातलं सगळं मुळापासून बंद करत. टीव्ही रिमोटने बंद करून झोपणाऱ्या लोकांची त्यांना मनापासून कीव येई. समोर पाहुणे बसलेले असोत, सिनेमात खुनी सापडायच्या बेतात असो, वेळ म्हणजे वेळ. त्या बोर्डाला घरात दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता आणि तो अप्पांच्या बायकोने लग्नापासून पाळला होता.

बायकोला सगळी इमारत 'बाई' म्हणायची, कारण अर्ध्या इमारतीची मुलं तिच्या बालवाडीतून गेली होती. बाईंचा आवाज हीच काय ती बालवाडीची इस्टेट होती. रडणारं मूल त्या आवाजाने गप्प होई आणि गप्प मूल बोलायला लागे. आपण रजेवर असलो तरी मुलांना गोष्ट मिळावी म्हणून बाईंनी तेव्हा नव्या असलेल्या या कॉम्प्युटरला माइक लावून गोष्टी भरून ठेवल्या होत्या. घरकाम उरकल्यावर, जेवणानंतरच्या तेवढ्या वेळात त्या हे काम करत.

मग निवृत्तीनंतर घशाचं ऑपरेशन झालं. बाई वाचल्या, आवाज गेला. उरली ती एक खरखरती कुजबुज. तीही त्यांनी निभावून नेली असती, पण एकदा दूरच्या शहरातून लेकीचा फोन आला आणि नातीने पलीकडून विचारलं, "हे कोण काका बोलतायत? मला आजी द्या." लेकीने हसून वेळ मारून नेली. बाईही हसल्या. पण त्यानंतर फोन वाजला की त्यांना स्वयंपाकघरात काहीतरी उतू गेल्यासारखं आठवू लागलं, आणि नातीशी बोलणं तिथेच संपलं.

आता शनिवारी लेक नातीला घेऊन राहायला येणार होती. बाईंनी घर झाडून पुसून लख्ख केलं, पण लेकीचा फोन वाजला की त्या अजूनही स्वयंपाकघरात पळत होत्या, हे अप्पांना दिसत होतं. नातीला आजीचा खरा आवाज ऐकवायचा, असा चंग अप्पांनी बांधला आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरचं कापड बऱ्याच दिवसांनी काढलं.

"कशाला ते उकरून काढताय?" बाई कुजबुजल्या. "पोरगी त्या आवाजाच्या बाईला शोधायला लागली, तर ती मी कुठून आणू?"

"तुझाच आवाज आहे तो."

"होता."

अप्पांनी खुर्ची पुढे ओढली आणि ते कामाला लागले.

पहिले धावून आले ते वरच्या मजल्यावरचे मॅनेजर. ते बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले होते आणि त्यांच्या शाखेत कॉम्प्युटर प्रथम आले तेव्हा फीत त्यांच्याच हस्ते कापली गेली होती. तेवढ्या भांडवलावर ते इमारतीतले तज्ज्ञ झाले होते. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा बदलला आणि एका कळीसरशी निळ्या रंगाचं एक पान उघडलं. त्याला सेटअप म्हणतात. कॉम्प्युटरने जागं झाल्यावर आधी कुठे बघायचं, कोणती डिस्क कशी वाचायची, आज कोणती तारीख आहे, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. थोडक्यात, माणूस डोळे उघडल्यावर आपण कोण, कुठे आणि आज वार कोणता हे आठवतो, तसं.

"हे बघा," मॅनेजर म्हणाले. "याला वाटतंय की याच्याकडे अजून फ्लॉपी आहे. हा सकाळी उठून फ्लॉपी शोधतोय."

"मग आता?"

"आता त्याला समजावायचं."

मॅनेजरांनी समजावलं. कॉम्प्युटरने फ्लॉपीचा नाद सोडला आणि कीबोर्डच जोडलेला नाही असं जाहीर करून, पुढे जाण्यासाठी कीबोर्डावरची कळ दाबायला सांगितली. अप्पांनी ते दोनदा वाचलं. खात्यात असताना अशा भाषेची पत्रं त्यांनी स्वतः पाठवली होती, त्यामुळे त्यांना राग धरता येईना. कीबोर्डाची वायर मॅनेजरांच्या पायाखाली आली होती, हे नंतर उघडकीस आलं.

दुपारी समोरच्या दारातले होमिओपॅथीचे डॉक्टर डोकावले. दुसरा कुणी आधीच इलाज करतोय म्हटल्यावर डॉक्टरांना राहवेना. त्यांनी कॉम्प्युटरला हात न लावता, लांब बसून, अप्पांनाच प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"त्रास सकाळी जास्त, की संध्याकाळी?"

"सकाळी."

"उठल्या उठल्या?"

"हो. एकदा सुरू झाला की दिवसभर तक्रार नाही."

"म्हणजे बिघाड रात्रीत होतोय. रात्री त्याच्या बाबतीत नेमकं काय घडतं?"

"रात्री त्याला पूर्ण विश्रांती असते," अप्पा म्हणाले. "त्याची तुम्ही काळजी करू नका."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि डिस्क वाचण्याची पद्धत बदलून पाहा, असं सुचवलं. मॅनेजर म्हणाले, त्याचा काही संबंध नाही. डॉक्टर म्हणाले, शरीरात संबंध नसलेलं काही नसतं. मॅनेजरांनी नाइलाजाने बदलून पाहिलं, आणि संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला कॉम्प्युटर ओळखीचे सूर वाजवत सुरू झाला. पडद्यावर 'गोष्टी' नावाचा कप्पा दिसला. बाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि कुणाचं लक्ष जायच्या आत परत गेल्या.

पण स्पीकर माळ्यावर होते. ते काढून, पुसून, त्यांची वायर कुठे खुपसायची यावर एकमत होईपर्यंत जेवणाची वेळ झाली आणि जेवणानंतर बोर्डाची. "आत्ताच पेनड्राइव्हवर उतरवून घ्या," असं मॅनेजर जिन्यातून ओरडून सांगत होते. अप्पा म्हणाले, "आता सकाळी. निवांत." आणि त्यांनी नेहमीप्रमाणे घर मुळापासून बंद केलं.

सकाळी कॉम्प्युटरने तारीख विचारली. डिस्क सापडत नाही म्हणाला. फ्लॉपीची चौकशी केली.

अप्पांच्या आयुष्यातला हा फार अवघड प्रसंग होता. आदल्या संध्याकाळी धडधाकट असलेली वस्तू कुणीही हात न लावता रात्रीतून बिघडत नाही, हे त्यांनी शेकडो अहवालांत लिहिलं होतं. म्हणजे कुणाचा तरी हात लागला होता. मॅनेजरांना आधीपासून डॉक्टरांचा संशय होता, कारण शेवटचा बदल त्यांनी सुचवलेला. डॉक्टरांना मॅनेजरांचा, कारण शेवटची कळ त्यांनी दाबलेली. दोघांनी हे अप्पांना वेगवेगळं, आवाज खाली आणून सांगितलं, आणि अप्पांना दोघांचंही पटलं. त्या दिवशी कॉम्प्युटर पुन्हा मार्गाला लावून झाला. शेजाऱ्यांची समजूत घालता घालता गोष्टी ऐकायच्या राहिल्या, बोर्डाची वेळ झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा खेळ पुन्हा पहिल्या पानावर आला. दुपारपर्यंत मॅनेजर आणि डॉक्टर जिन्यात एकमेकांना वाट द्यायचे बंद झाले होते.

तेव्हा अप्पांनी कंपनीच्या मदत-क्रमांकाला फोन लावला. बरंच संगीत ऐकवल्यावर एक मुलगी बोलली. तिने मशीनच्या पाठीवरचा क्रमांक मागितला. अप्पा टेबलाखाली आडवे झाले आणि टॉर्च दातांत धरून त्यांनी तो वाचला. टॉर्च दातांत असल्यामुळे तिला तो कळला नाही. पुन्हा वाचला.

"सर, हे मॉडेल आमच्या यादीत दिसत नाहीये."

"माझ्या घरात दिसतंय."

"या मॉडेलची सेवा कंपनीने केव्हाच बंद केली आहे, सर. आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?"

'आणखी' हा शब्द अप्पांच्या जिव्हारी लागला. "बाळ, मीसुद्धा खात्यात होतो," ते टेबलाखालूनच म्हणाले. "लोकांना उत्तर कसं द्यायचं ते मला माहीत आहे."

"कोणत्या खात्यात, सर?"

"विजेच्या."

"त्यांचा क्रमांक वेगळा आहे, सर. देऊ का?"

अप्पा बाहेर आले ते टेबलावर डोकं आपटूनच. बाईंनी ओला रुमाल आणून दिला. "राहू दे ना आता," त्या कुजबुजल्या, आणि त्या आवाजात इतकं आर्जव होतं की अप्पा विरघळायला हवे होते. पण तो आवाज ऐकूनच त्यांचा हट्ट वाढला. लेकीने फोनवर सांगून पाहिलं, की डिस्क काढून पाठवून द्या, जावई आतलं सगळं काढून देतील. अप्पांना ते पोस्टमॉर्टेम वाटलं. रोगी जिवंत होता. रोज संध्याकाळी तर तो ठणठणीत असे.

शुक्रवारी त्यांनी कॉम्प्युटरचं खोकं जुन्या चादरीत गुंडाळलं आणि दोन्ही हातांवर धरून दुकानात न्यायला निघाले. लिफ्ट बंद होती. जिन्यात भेटणारी माणसं चादर बघून भिंतीला चिकटून उभी राहिली. एका शेजारणीने हलक्या आवाजात विचारलं, "मांजर होतं का?" अप्पांनी खोकं छातीशी आणखी घट्ट धरलं. त्यांना खरोखरच भरून आलं होतं.

दुकानाच्या पाटीवर कॉम्प्युटर हा शब्द अजून होता, आत मात्र सगळी मोबाइलची कव्हरं लटकत होती. दुकानदाराने खोकं पाहिलं आणि आजोबांचा जुना फोटो बघावा तसं कौतुकाने थोपटलं. मग त्याला वीज जोडली, चार कळा दाबल्या, आणि कॉम्प्युटर सूर वाजवत सुरू झाला.

"चालतोय की," दुकानदार म्हणाला.

"घरी चालत नाही."

"इथे तर चालतोय."

"मी इथे राहत नाही."

दुकानदाराने मागे पाहिलं. गिऱ्हाइकं खोळंबली होती. "मग काका, तुमच्या घरच्या विजेतच काहीतरी दोष असणार. एखादा चांगला वायरमन बोलावून दाखवून घ्या."

आजवर या शहरात कुणी, अगदी घर जळालेल्या माणसानेसुद्धा, अप्पांच्या घरच्या विजेबद्दल शब्द काढला नव्हता. त्यांनी खोकं उचललं, चादरसुद्धा गुंडाळायची विसरून, आणि तडक घर गाठून जिना चढायला घेतला. रागात माणसाला वजन कळत नाही. ते कळलं वरच्या पायरीवर, जेव्हा पाठीतून एक कळ निघाली आणि अप्पा काटकोनात थांबले. एकीकडून मॅनेजर आणि दुसरीकडून डॉक्टर धावत आले. एकमेकांशी न बोलता दोघांनी खोकं घरात नेलं आणि मग परत येऊन अप्पांना नेलं.

दोघांनाही वाईट वाटलं असावं. संध्याकाळी त्यांनी बोलण्याची मधली जबाबदारी बाईंवर टाकून, "यांना सांगा तारीख लावायला," "यांना सांगा लावली म्हणून," असं करत कॉम्प्युटर परत मार्गावर आणून ठेवला. बाईंची कुजबुज दोघांनाही नीट कळत होती. डॉक्टरांनी जाताना अप्पांना साखरेच्या गोळ्या दिल्या. आठवडाभराच्या दगदगीने असेल किंवा गोळ्यांनी असेल, जेवण होताच पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून पडलेल्या अप्पांना गाढ झोप लागली. बाई दारामागच्या बोर्डापाशी येऊन थांबल्या. नियम नियम होता. त्यांनी हात लावला नाही.

शनिवारी सकाळी अप्पा सुरांनी जागे झाले. ते कसेबसे भिंत धरत बैठकीत आले. बाई कॉम्प्युटरसमोर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. पडद्याच्या कोपऱ्यात आजची तारीख होती.

"मी काही केलं नाही," त्या घाईने कुजबुजल्या. "नुसतं बटण दाबलं."

अप्पांनी पडद्याकडे पाहिलं. मग दाराकडे. मग दारामागे जाऊन बोर्डाकडे. सगळी बटणं चालू होती, रात्रभर, आणि घर जळालेलं नव्हतं. अप्पा तिथेच उभे राहिले. कारण शोधायची त्यांना इतकी सवय होती की ते नको असतानाही सापडलं. रोज संध्याकाळी तीन म्हातारे मिळून त्या मशीनला आज कोणता दिवस आहे ते शिकवत होते, आणि रोज जेवणानंतर एक जण दाराआड जाऊन त्याला ते विसरायला लावत होता. घर जळालेल्या माणसांना दोष घरातल्याच कुणाचा होता हे सांगताना अप्पा नेहमी त्यांच्या डोळ्यांत बघायचं टाळत. आता त्यांनी बाईंच्या डोळ्यांत बघायचं टाळलं.

"आत नाण्याएवढी एक बॅटरी असते," नंतर मॅनेजर म्हणाले. "वीज नसली की सगळं तीच लक्षात ठेवते. ती मेली असणार. माझ्या मनात पहिल्या दिवसापासून होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"डॉक्टर मध्ये मध्ये बोलत होते."

"आणि वीज कोण बंद करत होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"घरातलंच कुणीतरी," अप्पा म्हणाले. मॅनेजर आणि डॉक्टर एकमेकांकडे पाहून बऱ्याच दिवसांनी हसले आणि बरोबर बाहेर पडले.

संध्याकाळी लेक आणि नात आल्या. नात दारातून आत आली, आजीच्या गळ्यात पडली आणि आजीच्या तोंडाकडे बघत राहिली. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, तोंड मात्र उघडलं नाही. पाणी दिलं, खायला दिलं, केस विंचरले, सगळं मुक्याने. पोर हळूहळू आईला चिकटून बसली. लेकीने अप्पांकडे पाहिलं. अप्पांना ते बघवेना.

जेवणं झाल्यावर त्यांनी नातीला खुर्चीवर बसवलं आणि कप्पा उघडला. स्पीकर जरा खरखरले आणि मग तो आवाज आला. स्वच्छ, हसरा, पुढच्या शब्दाची ओढ लावणारा. लेकीचे डोळे भरून आले. बाई दारात उभ्या होत्या, पदर मुठीत धरून. एका उंदराला छत्री सापडली होती. ती घेऊन तो फार मिजाशीत फिरत होता, पण छत्री काही उघडत नव्हती. ती कशी उघडायची हे त्याने बेडकाला विचारलं, कावळ्याला विचारलं, प्रत्येकाने वेगळं सांगितलं. नात पुढे सरकून बसली. शेवटी छत्री आपोआप थरथरली, जराशी उघडली, आणि आत होतं...

"अगं, पुरे आता," स्पीकरमधून एक दणदणीत पुरुषी आवाज आला. "बोर्ड बंद करायची वेळ झाली."

"एक मिनिट हो," आवाज म्हणाला.

"वेळ म्हणजे वेळ."

घाईने बटण दाबल्याचं खट्ट झालं आणि गोष्ट थांबली.

अप्पांनी घाईने दुसरी लावली. तीत हत्ती झाडाच्या मागे लपला होता. तो बाहेर यायच्या आधी अप्पा आले. तिसरीत एक म्हातारी विहिरीत वाकून बघत होती. तिला काय दिसलं ते कळायच्या आत बोर्ड आला. एकूण एक गोष्ट तशीच होती. बालवाडीतल्या मुलांनी शेवट कधी ऐकलेच नव्हते, आणि बाईंनी त्याबद्दल कधी एका शब्दाने तक्रार केली नव्हती. अप्पांना आपलाच आवाज परक्या माणसाचा वाटू लागला, आणि तो माणूस त्यांना मुळीच आवडला नाही.

"छत्रीत काय होतं?" नातीने विचारलं.

"त्यात पुढचं नाही," अप्पा म्हणाले.

"तुम्ही बंद केलंत ना? मग तुम्ही सांगा."

"मला माहीत नाही गं."

कुणाला माहीत आहे हे सगळ्यांनाच माहीत होतं. नातीने खुर्चीवरूनच मान वळवून दाराकडे पाहिलं. बाईंनी लेकीकडे पाहिलं, मग अप्पांकडे, आणि त्या मान हलवून आत जायला वळल्या. पोर खुर्चीवरून उतरली आणि जाऊन त्यांच्या पदराला लोंबकळली.

"आजी, काय होतं?"

बाई खाली बसल्या. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"पिल्लू होतं," त्या कुजबुजल्या. "वटवाघळाचं."

नात दचकली. तिने त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग अगदी जवळ सरकली आणि आपला कान त्यांच्या ओठांना लावला.

"त्याला वाटत होतं," बाई म्हणाल्या, "की छत्री म्हणजे आपली आई."

"मग उंदराने काय केलं?" नातीनेही कुजबुजत विचारलं.

तेवढ्यात लेकीने खुर्ची सरकवली. नात मागे न बघता म्हणाली, "आवाज करू नका. आजी सांगतेय." बाईंचा चेहरा तेव्हा कसा झाला ते अप्पांना दिसलं नाही, कारण ते सवयीने उठून दारामागे गेले होते. त्यांचा हात बोर्डावर होता. वेळ केव्हाच उलटून गेली होती, आणि तिथून बाईंचं बोलणं काही केल्या ऐकू येत नव्हतं. नुसतं पुटपुटणं, आणि मधेच नातीचं हसू.

अप्पांनी हात काढून घेतला. पाठ धरत ते परत आले, नातीच्या पलीकडे जमिनीवर हळूच टेकले आणि कान पुढे करून म्हणाले, "मलाही सांग की. काय केलं उंदराने?"